मोटर चालू असताना

टापटिपीचा मला भारी सोस. वायरींचा गुंता दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात. "तुमचं चाललं तर तुम्ही शेवयासुद्धा रेघेत वाळत घालाल," असं आमची ही म्हणते. कारखान्यांमधली कंट्रोल पॅनल दुरुस्त करत मी मोटारसायकलवर नगर जिल्हाभर हिंडतो. या सोसापायी एका भल्या माणसाची जागा जाता जाता राहिली, आणि त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

घोडेगावच्या बाजूला एक लहानशी डेअरी आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिथे सगळी यंत्रं धुऊनपुसून घेतात, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहून झेंडूचे हार घालतात. त्या दिवशी मी तिथे वेगळ्याच कामाला गेलो होतो. साफसफाईसाठी पॅनलचं कपाट उघडं होतं आणि आत वायरी वाटेल तशा लोंबत होत्या. उद्या पूजा व्हायची ती या पसाऱ्याची? कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी तासभर बसून सगळ्या वायरी सरळ केल्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या. मॅनेजरांनी कौतुकाने मोबाईलवर फोटो काढला. मी हवेत.

दसऱ्यानंतर लगेच त्यांचा फोन आला. दूध तापवायच्या यंत्राचा टच स्क्रीन मध्येच गोठत होता आणि 'कंट्रोलरशी संपर्क नाही' एवढंच दाखवत होता. मी पोचलो तेव्हा ते यंत्र चालवणारे मामा खाली मान घालून उभे होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, कमी बोलणारे. मॅनेजरांनी निकाल आधीच देऊन टाकला होता: पूजेच्या धुण्यात मामांनीच कपाटात पाणी मारलं. "आज हे सुरळीत झालं नाही तर मामा, उद्यापासून तुम्ही कॅन धुवायला," ते माझ्यादेखत म्हणाले.

स्क्रीन आणि यंत्र चालवणारा कपाटातला कंट्रोलर यांच्यामध्ये करंगळीएवढी एक केबल असते, दोघांचं सगळं बोलणं तिच्यातून चालतं. मी यंत्र बंद करून केबलची दोन्ही टोकं सोडली, मीटर लावून एकेक तार तपासली. सगळं ठीक. तरी टोकाचा कनेक्टर बदलला. स्क्रीनवर आकडे आले. दूध सोडलं आणि स्क्रीन पुन्हा गोठला. असं तीनदा झालं. माझं डोकं तापलं.

"मामा, खरं सांगा, किती पाणी मारलंत?" मी ओरडलोच. आपल्याला काही सुचलं नाही की समोरच्यावर खेकसायचं, ही माझी जुनी खोड.

तेवढ्यात टँकर आला म्हणून मॅनेजर बाहेर गेले. तेव्हा मामा हळूच म्हणाले, "सायेब, एक सांगू का? तुमी समदं बंद करून तपासताय. बंद असताना ते कवाच बिघडत न्हाई. मोटर चालू करून बघा की."

मी दूध ढकलणाऱ्या पंपाची मोटर चालू केली. स्क्रीन गोठला. बंद केली, आकडे परत आले. मामांनी माझ्याकडे न बघता कपाटात बोट दाखवलं. मोटरच्या जाड वायरीला चिकटून, माझ्याच पट्ट्यांनी आवळलेली, ती करंगळीएवढी केबल हातभर लांब गेली होती. मोटर चालू झाली की तिच्या वायरीचा त्रास शेजारच्या केबलला होतो आणि स्क्रीनला कंट्रोलरचं काही कळेनासं होतं. हे मी कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. मी पट्ट्या कापल्या आणि केबल कपाटाच्या दुसऱ्या कडेने लांबून नेली. मोटर चालू केली. आकडे हलले नाहीत.

मॅनेजर परत आले. "पाणीच होतं ना?"

नुसती मान हलवली असती तरी सुटलो असतो. खोटं कशाला सांगू, तसं करावं असं मनात आलंही. पण शेजारी मामा उभे होते.

"पाणी नव्हतं, साहेब. केबल मी चुकीची बांधली होती. मामांनी दाखवली म्हणून सापडली."

मॅनेजर "मामा, बसा तुमच्या जागेवर," एवढंच म्हणून निघून गेले.

मी हत्यारं पिशवीत भरता भरता विचारलं, "मामा, मी बांधत होतो तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

"व्हय, हितंच हुतो."

"मग सकाळीच साहेबांना का नाही सांगितलंत?"

मामांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "माझं काय, कॅन बी धुतलं असतं. तुमाला मातूर पुन्हा ह्या दारात कुनी उभं केलं नसतं."

ज्या माणसावर मी मॅनेजरांसमोर ओरडलो होतो, तो सकाळपासून मलाच पाठीशी घालून उभा होता. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "उठा वो सायेब," ते संकोचून म्हणाले, "दूध सोडायचंय."