तिन्ही डिस्प्लेंचं एकमत

आमचे सासरे म्हणजे साक्षात वेधशाळा. त्यांनी बाहेरची हवा मोजणारा एक वायरलेस सेन्सर आणला आणि त्याला जोडायला डिस्प्ले मात्र तीन. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक त्यांच्या उशाशी. बटणं दाबदाबून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिन्हींवर एकच आकडा उमटला, तेव्हा कुठे स्वारीच्या जिवाला शांतता मिळाली.

काल मी त्यांच्याच शब्दावर छत्री घरी ठेवून गेले आणि चिंब भिजून परतले. त्यांनी आधी डिस्प्लेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिन्ही ठिकाणी कोरडं ठणठणीत दाखवतंय. तू कुठे भिजलीस?"

"बाबा, सेन्सर कुठे लावलाय?"

"कपाटात. एवढी महागडी वस्तू काय पावसात ठेवू?"