दिलीप म्हणाला, पंप गेलाय

दिलीप गेल्याचं त्याच्या बायकोनं, वहिनीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी अंधेरीच्या गोदामात फोर्कलिफ्टवर होतो. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. त्याला आता महिना झाला. लोक म्हणतात, बरं झालं, हाल झाले नाहीत. कसलं बरं... हाल आधीच करून झाले होते.

याच गोदामात मी ड्रायव्हर आणि तो मेकॅनिक. मूळचा मालवणकडचा, हट्टी आणि तोंडाचा फटकळ. गेल्या वर्षी आमच्या जुन्या डिझेल फोर्कलिफ्टनं एक खोड धरली. रिकामी मजेत फिरायची, पण भरलेलं पॅलेट उचलायला लिव्हर ओढला की इंजिन दबायचं आणि बंद पडायचं. सगळ्यांनी डिझेलला शिव्या घातल्या, फिल्टर बदलला, फरक शून्य. दिलीप म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, त्याच्या गळ्यात दुसरंच कुणीतरी पडलंय. मग त्यानं त्याची नेहमीची रीत केली. वजन न घेता एकेक लिव्हर टोकापर्यंत ओढून धरायचा, म्हणजे रिकाम्या गाडीवरही भरल्याइतका दाब यायचा, आणि इंजिनाकडे कान द्यायचा. उचलतानाही बंद, झुकवतानाही बंद. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हता. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह खोलून धुतला, तरी तेच. शेवटी टाकीतलं हायड्रॉलिक तेल त्यानं घरून आणलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं आणि निवळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी उन्हात धरलं तर तळाशी धातूचा चुरा चमकत होता. इंजिनाच्या जोरावर हे तेल ढकलणारा पंप आतून झिजून अडकत होता.

त्या मॉडेलचा पंप आता कुठे मिळत नाही. पंप गेला म्हणजे गाडी भंगारात, तिच्या जागी भाड्याची बॅटरीवाली, तिचा मेकॅनिक तिच्याबरोबर, आणि दिलीप घरी. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुपरवायझरनं त्याला बाजूला घेऊन सुचवलं, तेल बदल, हलका माल उचलू, काही महिने निघतील. दिलीप बरणी पुढ्यात घेऊन बराच वेळ बसला होता. मी विचारलं, काय ठरवलंस?

"गाडयेर कोण बसता? तूच मा रे, अशोक?"

एवढंच बोलला. आमच्या गोदामाला उतार आहे. उतारावर भरल्या वजनानं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक जड होतो, मग देवाचं नाव घ्यायचं. तो उठला आणि मालकाला खरं ते सांगून आला.

पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. नोकरी गेल्यावर तो अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, जिथे वर्कशॉप दिसेल तिथे फिरला. सगळ्यांना बॅटरीचं काम येणारा तरुण हवा होता. नंतर फिरायचाही थांबला. बोरिवलीच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. मी जायचो, तेव्हा नव्या गाडीबद्दल एक अक्षर विचारायचा नाही. माणूस कामाशिवाय किती लवकर म्हातारा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि काही करू शकलो नाही.

परवा गेलो तेव्हा वहिनीनं विचारलं, "भाऊजी, तेव्हा हे गप्प बसले असते, तर ती गाडी आणखी काही महिने चालली असती ना?"

चालली असती, मी म्हणालो. खोटं बोलवेना.

"मी ह्यांनाही रोज हेच विचारायचे. हे म्हणायचे, अशोकला कधी विचारू नकोस, त्याच्या जिवाला लागेल."

मग तिनं चहा आणला आणि खिडकीजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी कप हातात धरून उभाच राहिलो.