डाग दिसणारी फरशी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. पाच आठवडे झाले त्याला. बेळगावात आमचं प्लायवुड आणि फ्लोअरिंगचं दुकान आहे. नवरा गोडाऊन बघतो, मी गिऱ्हाईक बघते. समोर खानापूरचं एक जोडपं कॅटलॉग उलटत बसलं होतं. फोन संदीपचा, माझ्या भाच्याचा. तो आईला ॲम्ब्युलन्समधून निपाणीहून कोल्हापूरला नेत होता. "मावशी, कोगनोळीच्या नाक्यावर हाय आम्ही. आई बोलंना." मागं ट्रकांचे हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "थांबू नका, पुढं चला." तो म्हणाला, "पुढं जाऊन काय करायचं, मावशी..." मी फोन ठेवला, जोडप्याला उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढलं. नंतर मृत्यूच्या दाखल्याचं आलं. नाक्याच्या अलीकडं गेली असेल तर कर्नाटक, पलीकडं गेली असेल तर महाराष्ट्र. नक्की कुठं, ते ॲम्ब्युलन्समधल्या कुणालाच सांगता येईना. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, जन्मभर कोर्टात कारकुनी केली. पण बायकोच्या मरणाचं ठिकाण काही त्यांना कागदावर लिहिता आलं नाही. शेवटी मीच लिहिलं.

आक्काचं नाव शालन. एकसष्ट वर्षांची होती, निपाणीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. साखरेचा आजार बारा-तेरा वर्षांचा. उजव्या तळव्याला एक जखम झाली, ती तिनं चार महिने कुणाला दाखवली नाही, आणि जखमेचं विष अंगभर पसरून ती गेली. झालं ते एवढंच. पण येत्याजात्या घरात, पोराच्या लग्नाच्या धामधुमीत, पायाची जखम चार महिने लपवणं ही सोपी गोष्ट नाही. तिनं ती कशाच्या आधारानं लपवली हे मला ठाऊक आहे, कारण ती फरशी मीच तिला विकली.

आमच्या बाबांनाही साखर होती. मिरजेला त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी कॉलेजात होते. सही करायला थोरली म्हणून आक्का पुढं झाली. पाय गेल्यावर बाबा दोन महिने जगले, आणि ते दोन महिने रोज सकाळी ते तिला विचारायचे, "शालन, माझा पाय कुठं ठेवलास?" ती उत्तर द्यायची नाही, चहा द्यायची. त्या सहीबद्दल आम्ही दोघी पुढं कधी बोललो नाही. मला बोलायची गरज वाटली नाही. तिला वाटत असावी.

गेल्या नवरात्रात तिनं नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नवस केला. संदीप चौतिशीला आलेला, पुण्यात नोकरी, पण लग्न जमत नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संकेश्वरच्या मंडळींचा होकार आला. सायली नाव मुलीचं. आक्का म्हणाली, देवीनं ऐकलं. दसऱ्यानंतर चार दिवसांत तिचा फोन. "सुमे, हॉलची फरशी बदलायची म्हणतोय आम्ही. लग्नाच्या आत."

"कडप्प्याला काय झालंय? चाळीस वर्षांत झिजला न्हाय तो."

"काळा हाय गं. काय सांडलं, काय पडलं, दिसत न्हाय."

दोन दिवसांनी ती दुकानात आली ती पायमोजे घालून. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "काय गं आक्का, शिमल्याला निघालीस काय?" ती म्हणाली, "टाचा फुटल्यात. दाखवू?" मी म्हटलं, "नको बाई, आत्ताच जेवले." ती हसली. मीही हसले. ती खरोखर दाखवणार होती की नाही, ते मला सांगता येणार नाही. विचारलं होतं तिनं, आणि मी नको म्हणाले.

मी तिच्यापुढं जमिनीवर पाच नमुने मांडले. व्हिनाईलची फरशी म्हणजे लांब पट्ट्या. गाभा दगडाच्या भुकटीचा, वर लाकडाची नक्षी, त्यावर पारदर्शक थर. पट्टीत पट्टी अडकते, जुन्या फरशीवरच बसते, फोडाफोडी नाही. पाण्यात टाकली तरी फुगत नाही. हे सगळं मी दिवसातून सहा वेळा म्हणते, तिलाही म्हणून दाखवलं. अक्रोडी, सागवानी, मधाच्या रंगाची, राखाडी, आणि सगळ्यात फिकट अशी सायीच्या रंगाची. ती म्हणाली, "ह्याच्यावर डाग दिसतो का?" मी म्हटलं, "मग मधाच्या रंगाची घे. कितीही राबता असू दे, काही दिसत न्हाय." ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मी काय विचारलं? दिसतो का, म्हणून विचारलं."

मग तिनं पर्समधून देवीच्या कुंकवाची पुडी काढली. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन कुंकू कालवलं आणि पाचही नमुन्यांवर एकेक थेंब ठेवला. अक्रोडीवर तो गडप झाला. सागवानीवर जरा वेळ शोधावा लागला. सायीच्या रंगावर मात्र लालभडक उठून दिसला. ती उठली, चार पावलं मागं गेली, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. परत येऊन पायमोज्यातलं बोट घासून डाग पसरवला. मग फडकं मागितलं आणि पुसून टाकला. मागं काही राहिलं नाही. "दिसतो आणि पुसला की जातो," ती म्हणाली. "हीच."

"आक्का, डाग दिसणारी फरशी मागणारं तू पहिलं गिऱ्हाईक. लोक झाकणारी मागतात."

"लोकांच्या घरी नवी सून यायची असत न्हाय." विषय संपला. मी तिला माप लिहायला बसवलं.

फरशी बसवायच्या आधी खालची ओल बघावी लागते. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जुन्या फरशीवर बसवायचा, एक दिवस ठेवायचा आणि खालून घाम धरतो का बघायचं. हे काम मी कुणावर सोपवत नाही. दिवाळीनंतर निपाणीला मुक्कामी गेले, कागद लावला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला उठले तर आक्का हॉलमध्ये ओणवी होऊन कडप्पा पुसत होती. न्हाणीपासून तिच्या खाटेपर्यंत, मागं मागं सरकत. डाव्या हातात मोबाईलची बॅटरी, अगदी फरशीला टेकवलेली. मी म्हटलं, "काय शोधतीस?" ती दचकली नाही. "मुंग्या," म्हणाली. बादलीतून डेटॉलचा वास येत होता. मी तिच्या बाजूनं जाऊन कागद उचलला. खाली कोरडं ठणठणीत. चारी कडा बोटानं तपासल्या आणि समाधानानं दाजींना सांगितलं, "घर निरोगी हाय तुमचं."

पट्ट्या एका दिवसात बसल्या. दारं खालून तासली, भिंतीकडेनं पट्टी मारली. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा हॉल दुप्पट मोठा दिसायला लागला. दाजी म्हणाले, "कोर्टात अशी असती तर दोन निकाल तरी लवकर लागले असते." आक्का त्या फरशीवरून या टोकाहून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि मागं वळून बघत राहिली. नव्या फरशीवर माणसं पुढं बघत चालतात, घसरायला होतंय का म्हणून. ती मागं बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. मी तिला म्हटलं, "घरातबी चप्पल घालत जा. साखरवाल्यांनी अनवाणी फिरू नये." ती म्हणाली, "समोर देव्हारा हाय. तुमच्या बेळगावात चालत असंल." मी वाद घातला नाही. आमच्याही घरात चप्पल दाराबाहेरच असते.

त्यानंतर फोनवर मी विचारायची, "फरशी काय म्हणतीया?" आणि ती म्हणायची, "लई गुणाची. सगळं सांगती." मी हे वाक्य दोन गिऱ्हाइकांना तिच्या नावानिशी ऐकवलंसुद्धा...

लग्न माघात झालं. सायली घरात आली तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडून कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय ठेवून आली. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत लाल पावलं उमटली. फिकट फरशीवर ती इतकी देखणी दिसत होती की पोरी त्यांच्याभोवती उकिडव्या बसून फोटो काढत होत्या. आक्का भिंतीला धरून उभी होती. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "काय गं, दमलीस?" ती म्हणाली, "पुसा की गं कुणीतरी ती पावलं." बायका अंगावर आल्या. एक म्हणाली, "अगं, लक्ष्मीची पावलं ती! उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय." दुसरी म्हणाली, "मास्तरणीला स्वच्छतेचं लई वेड." सगळ्या हसल्या. मग चाळीस माणसं त्या पावलांवरून फिरली. कुंकू सगळीकडं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायचं काम मी घेतलं. आक्काला बरं वाटत नव्हतं, ती पडून होती. सायलीची पावलं एका फडक्यात निघाली. स्वयंपाकघराच्या दाराशी आणखी एक पाऊल होतं. रुंद, उजवं, टाचेकडं गर्द आणि लालपेक्षा तपकिरी. एकच नव्हतं, पुढं खाटेच्या दिशेनं अजून तीन होती, सगळी उजव्या पायाची. मी खाली वाकले तेव्हा वास आला. तो कुंकवाचा वास नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं. बाबांच्या खोलीत तसाच यायचा. घरात पाहुणे होते, चहाचं आधण चढलं होतं, संकेश्वरची मंडळी दहाला पोचणार होती. मी पाण्यात फिनेल टाकलं आणि पुसून घेतलं. म्हटलं, गर्दी गेली की विचारू. संध्याकाळी बेळगावला परत आले. दुकान दोन दिवस बंद होतं, माल येऊन पडला होता. विचारायचं राहिलं.

लग्नानंतर अकराव्या दिवशी तिला ताप चढला. दोन दिवस तिनं तो लग्नाच्या दगदगीवर ढकलला. तिसऱ्या दिवशी भान हरपायला लागलं तेव्हा दाजींनी डॉक्टरांना घरी आणलं आणि त्यांनी पायमोजा कापून काढला. आत सॅनिटरी पॅडची घडी बांधलेली होती. संदीप आणि सायली पुण्याला जायच्या तयारीत होते, ते धावत आले. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, "आत्ताच्या आत्ता कोल्हापूर." पुढचं वर सांगितलंच.

तेराव्यानंतर मी त्या डॉक्टरांकडं गेले. भांडायलाच गेले होते. नवरात्राच्या आधी आक्का त्यांच्याकडं जाऊन, अनवाणी राहू का, असं विचारून आली होती, हे मला दाजींकडून कळलं होतं. बारा वर्षं साखर असलेल्या बाईला हा माणूस हो कसा म्हणाला? त्यांनी फाईल काढली आणि माझ्यापुढं ठेवली. बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला दहा ठिकाणी स्पर्श करायचा, रुग्णानं डोळे मिटून, लागलं की 'हो' म्हणायचं, अशी तपासणी असते. आक्कानं दोन्ही पायांचे वीसच्या वीस स्पर्श बरोबर सांगितले होते. कागदावर बरोबरच्या वीस खुणा. "एवढी संवेदना असलेल्या बाईला काटा रुतल्याचं कळणार नाही, हे होत नाही," ते म्हणाले. "मलाही आजवर उलगडलेलं नाही."

मला ते पटलं नाही. तिथून तडक आक्काच्या घरी आले. संदीप-सायली पुण्याला गेले होते. दाजी एकटेच हॉलमध्ये, खुर्ची असून खाली फरशीवर बसले होते. दुपारचं ऊन पट्ट्यांवर पसरलं होतं आणि फरशीवर कुठं काही नव्हतं, एक केससुद्धा. मी उभ्यानंच बोलायला लागले. "दाजी, मी तक्रार करणार हाय. तपासलंच न्हाय त्यानं. खुणा नंतर मारल्यात सगळ्या. वकील मी बघते, तुम्ही फक्त सही करा."

"डॉक्टरचं काय चुकलं न्हाय, सुमन."

"मग कुणाचं चुकलं?"

त्यांनी शेजारची पट्टी तळहातानं पुसली. मग म्हणाले, "बस खाली." मी बसले. "पाय तिचं दोन वर्षांमागंच बधिर झालतं. मला सांगितलं होतं तिनं. डॉक्टरला कळलं असतं तर नवरात्र करू दिलं नसतं, आणि पोराचं जमायचं तेवढंच राहिलं होतं बघ... तपासणीच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, तुम्ही शेजारी बसा. माझा हात धरून बसा."

मला कळेना. म्हटलं, "बरं, मग?"

इतक्या वर्षांत दाजींनी माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझा हात उचलून आपल्या हातात घेतला. "दोरा टेकला की..." एवढंच म्हणाले आणि माझा हात हलकेच दाबला. सोडला. पुन्हा दाबला. त्यांची नजर समोर होती, डॉक्टरच्या हातावर असावी तशी. मी मोजत होते. दहा वेळा. मग ते जरा थांबले, डॉक्टर दुसऱ्या पायाकडं वळले असतील तेवढा वेळ, आणि पुन्हा दाबायला लागले.