शिळी कणीक आणि मस्टँग

शनिवारी सकाळी अमिरातीतल्या अल ऐनमधली माणसं मॉलला जातात, ब्रंचला जातात. आमच्या सुलक्षणाबाई गॅरेजमध्ये! रविवार संपला की हॉस्पिटलातली एक्स-रे मशिनं सांभाळणारी शिस्तीची इंजिनिअर, आणि शनिवार उजाडला की हिच्या अंगात येतं. कारण काय, तर अडुसष्ट सालची लाल मस्टँग.

गाडी बघायला झकास, पण चढ आला की धापा टाकायची. "एवढं मोठं आठ सिलिंडरचं धूड, आणि श्वास घ्यायला नाक केवढंसं!" सुलक्षणा चिडायची. मग इंजिनावरची जुनी हेडं, म्हणजे सिलिंडरवरची व्हॉल्व्हवाली झाकणं, उतरवून तिने अमेरिकेहून ॲल्युमिनियमची नवी मागवली. जुन्या हेडात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पावणेदोन इंचांचा होता, नव्यात चांगला दोन इंचांचा.

"ओन्ली दॅट मच, आई?" मुलीने, पर्णिकाने, नाक मुरडलं.

"अगं, तेवढ्यात इंजिन गायला लागतं, बघशील!"

भीती एकच. मोठा व्हॉल्व्ह खाली येताना पिस्टनला धडकला तर वर्षभर जीव ओतून बांधलेलं इंजिन सुरू होताक्षणी खलास. मध्ये जागा उरते का, हे बघायची बापूंची, म्हणजे तिच्या वडिलांची, युक्ती तिला लहानपणापासून ठाऊक होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बापू इंजिनं बांधायचे. पिस्टनवर कणकेचा गोळा थापायचा, हेड कसायचं, इंजिन हाताने फिरवायचं, मग हेड उघडून दबलेली कणीक कापून जाडी मोजायची. बापू घरून शिळी कणीक न्यायचे.

"शिळी कशाला? ताजी देतो की!" श्रीनाथ म्हणाला. या घरात स्वयंपाक नवऱ्याकडे. त्याने घाईघाईत मळून गोळा हातात ठेवला.

मोजमाप झालं आणि सुलक्षणाने गॅरेजमध्ये उडीच मारली. "जमलं रे! भरपूर जागा आहे!"

रविवारी दुपारी इंजिन बंदिस्त, किल्ली हातात. फोनवर कोल्हापुरातून बापू डोळे लावून बसलेले. शेजारची सुमैय्या टाळ्या वाजवत होती, "यल्ला, यल्ला!"

एवढ्यात आतून श्रीनाथचं करवादणं ऐकू आलं. "छ्या! आजही घाईत मळली. लाटली की परत आक्रसते! पोळी म्हणायची का पुरी?"

सुलक्षणाचा हात थबकला. ती किल्ली घेऊन तशीच स्वयंपाकघरात धावली. पोळपाटावरची पोळी तिच्या डोळ्यांदेखत आखडत होती.

"अरे देवा! कालचीही अशीच होती?"

"अशीच. मुरायला वेळ कुठे दिलास?"

म्हणजे व्हॉल्व्हने दाबलेली कणीकही हेड उघडेपर्यंत परत जाड झाली होती! ते माप साफ खोटं.

"काय झालं गं?" फोनमधून बापू.

"आज नाही बापू. सगळं परत उघडते." बोलताना तिला रडूच फुटलं. सुमैय्या बिचारी काही न कळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या शनिवारी रात्रभर मुरलेली कणीक लावली, फिरवली, उघडली. कापली तर कागदाएवढी पातळ. सुलक्षणाने ती उजेडात धरून पाहिली. चालू केलं असतं तर! मग पिस्टन बाहेर आले, त्यांच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हसाठीचे खळगे शारजाच्या एका वर्कशॉपमधून खोल करून आणले, पुन्हा शिळी कणीक, पुन्हा मोजणी. या खेपेला माप खरं होतं.

आणि एका सकाळी किल्ली फिरली. असं काही गर्जलं ते इंजिन की खिडक्यांच्या काचा थरथरल्या! "आई, इट्स इन्सेन!" पर्णिका किंचाळली. श्रीनाथ हातातल्या लाटण्यासकट नाचला. सुलक्षणा हसत होती, रडत होती, आणि पाय काही ॲक्सिलरेटरवरून काढत नव्हती.

"बापू, ऐकलंत? मानलं तुम्हाला! पण शिळीच कणीक का, हे आधी नाही का सांगायचं?"

फोनमध्ये बापू डोळे पुसत हसले. "मला तरी कुठं माहीत होतं पोरी? ताजी मागितली की तुझी आई लाटणं घेऊन मागं लागायची."

"अजूनही लागेन," मागून आईचा आवाज आला.