गावाची भांडी

भाचा परंड्याला आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत बसले होते. मोटारसायकल लावून तो तसाच उभा राहिला. नेहमी "आत्या, च्या टाक" म्हणत आत शिरणारा पोरगा उंबऱ्याबाहेर थांबला, तेव्हाच सूप माझ्या हातातून खाली आलं. "अप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी अंघोळ झाली, लिंगपूजा झाली, अन् बसले ते बसलेच." वय झालंच होतं त्यांचं. माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, म्हणजे माझंही झालंच आहे. तरी एसटीत भूम येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

आमचं गाव ईटच्या बाजूला. आमच्या रिवाजाप्रमाणे अप्पांना बसवून, कपाळाला विभूती लावून शेतात माती दिली. माणूस मावत नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांतून, ईटहून, थेट तेरहूनही लोक आले होते. त्यांतल्या एका परक्या गृहस्थानं मला हळूच विचारलं, "तुमचे बंधू कुठल्या पक्षाचे पुढारी होते?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. ते भांडी द्यायचे." त्यांना ते कळलं नसावं. त्या वेळी समजावून सांगायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. मोगलाई म्हणायचो आम्ही. आमचे वडील लवकर गेलेले. घरात आई, अप्पा आणि मी. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. थोडी शेती आणि ओसरीवर गूळ-मिठाचं दुकान. अप्पा विशीतले असतील, तेव्हा शेजारच्या सखाराम सुताराच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाची मोठी भांडी गावात एकाच घरी होती, मोठ्या जमीनदाराकडे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं भली माणसं आहेत. भांडी मागायची म्हणजे नंतर त्यांच्या रानात फुकट राबायचं, हा शिरस्ता. लग्नाच्या दिवशीच सकाळी जमीनदाराचा गडी आला, म्हणाला, नांगराचा फाळ बसवायला आत्ता चल. सखारामनं हात जोडले, "उद्या दिवस उगवायला येतो, आज पोरीच्या अक्षता हायत." गडी गेला आणि थोड्या वेळानं आणखी दोघांना घेऊन परत आला. "भांडी आत्ताच्या आत्ता द्या, मालकांनी सांगितलंय."

चुलीवर भात शिजत आला होता. तो धोतरं अंथरून त्यांवर उपसला. आमटी घराघरांतल्या मडक्यांत ओतली, आणि वऱ्हाड हे सगळं बघत उभं होतं. सखारामची बायको तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसून राहिली. अप्पा दुकानावरून धावत गेले होते. तापलेलं पातेलं उतरवताना त्यांचे दोन्ही तळवे पोळले. घरी आले, अव्वानं तळव्यांना लोणी लावलं, आणि लावत असतानाच ते म्हणाले, "अव्वा, गावाला स्वतःची भांडी पायजेत."

"गावाची? गाव काय माणूस हाय व्हय, त्याची भांडी असायला?"

"हुईल," अप्पा म्हणाले.

पाच-सहा तरणी पोरं जमली आणि सेवा मंडळ सुरू झालं. पण त्या काळात चार माणसं एकत्र बसली की वरपर्यंत बातमी जायची. परवानगीशिवाय सभा नाही, मंडळ नाही. भूमहून पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले आणि पारावर बसून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. अप्पांनी सांगितलं, आम्ही भजनी मंडळ काढलंय. अमीनसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "भजन करते बोलते? अच्छा जी. तो सुनाव." आता आली का पंचाईत! त्या पाच-सहा जणांत गळा असा एकालाही नव्हता. अप्पांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी लांबून, बायकांच्या घोळक्यातून ऐकत होते... माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण पारावरची कुत्रीसुद्धा उठून गेली. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत अमीनसाहेबांनी हात वर केला. "बस जी, बस! इससे तो तुम्हारी मीटिंगच अच्छी होती. सच बोलो, करते क्या?" अप्पांनी मग सगळं सरळ सांगितलं, सुताराच्या भातासकट. साहेबांनी घोडा आणायला सांगितलं. उठताना एवढंच म्हणाले, "भांडे ले आव. मगर गाना मत गाव."

मंडळानं सुगीत ज्वारी काढायला टोळी केली. ज्याच्या रानात जास्त काम, त्याच्याकडे ही पोरं जायची आणि मजुरीत मिळालेली कणसं मंडळाच्या खळ्यावर टाकायची. बायकांनी शेंगा फोडल्या. मीही फोडल्या, अंगठ्याची नखं सोलून निघाली होती. वेशीबाहेरच्या महारवाड्यातला केरबा आणि त्याचे भाऊ टोळीत सगळ्यांत पुढं असत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ते विळे घेऊन रानात आले आणि कडेच्या पाथीला लागले. मग अप्पांना सुचलं की जुनं तांबं वितळवूनच नवं घडवावं. घरोघर फिरून त्यांनी फुटकं-तुटकं मागितलं. कुणी चेपलेली कळशी दिली, कुणी बूड गेलेला तांब्या. केरबाच्या म्हातारीनं हातातलं तांब्याचं कडं काढून दिलं. अप्पा घेईनात, तर म्हणाली, "घे रं लेकरा. हातात नुसतं वाजतंय, तिथं कामाला यील."

बार्शी इंग्रजी हद्दीत. तिथल्या तांबटाकडे ते सगळं देऊन, धान्य विकून आलेल्या पैशांची भर घालून भांडी घडवली. मोठी डेग, पातेली, पराती, कढया, ओगराळी. करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून बैलगाड्या गावात शिरल्या तेव्हा हलगी वाजत होती आणि उन्हात ती भांडी अशी झळकत होती की बघणाऱ्याचे डोळे मिटावेत. महादेवाच्या देवळामागच्या खोलीत ती ठेवली. त्या वर्षी गावातल्या एकाही लग्नाला जमीनदाराच्या दारात जावं लागलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात केरबा आमच्या दुकानापुढं येऊन उभा राहिला. उभाच राहिला, गिऱ्हाईक संपेपर्यंत. मग म्हणाला, "अप्पा, लेकीचं लगीन धरलंय. म्या इचारायला आलोय... भांडी आमाला बी मिळत्यात का?"

अप्पांनी मंडळ बोलावलं. मला वाटलं होतं, सखाराम सुतार तरी अप्पांच्या बाजूनं बोलेल. तोच पहिला उठला. "अप्पा, तिकडं भांडी गेली तर पुन्यांदा त्यात आमच्या घरचं शिजायचं न्हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, केरबाला थोडे पैसे देऊ, भाड्यानं आणू दे बार्शीहून. अप्पा एवढंच म्हणाले, "त्याच्या मायचं कडं ह्या भांड्यांत हाय. कुठल्या भांड्यात हाय ते तुमी मला काढून दावा. दावलं तर तेवढं बाजूला ठिवतो." एकेक जण उठून गेला, पण हो कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः गाडी जुंपली आणि भांडी केरबाच्या दारात उतरवली.

लग्न झालं. भांडी राखेनं, चिंचेनं घासून परत आली, आधीपेक्षा जास्त लखलखीत. आणि त्या खोलीतच राहिली. गावात तीन-चार लग्नं झाली. कुणी ती मागितली नाहीत. लोक पुन्हा जमीनदाराच्या दारात गेले, पुन्हा त्यांच्या रानात फुकट राबले. मंडळाची पोरं एकेक करून यायची थांबली. अप्पा रोज संध्याकाळी जाऊन देवळामागची खोली झाडून येत. अंग उतरलं होतं त्यांचं.

त्यातच माझं लग्न ठरलं, परंड्याच्या घरात. एका दुपारी मी ज्वारी निवडत होते. अप्पा समोर येऊन बसले आणि त्यांनीही सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. पुरुषानं असं बसावं याचं मला नवल वाटलं.

"तुझ्या लग्नात गावाची भांडी काढावीत असं मनात हाय," ते म्हणाले. "पर लगीन तुझं हाय. तू न्हाय म्हणालीस तर म्या पुन्यांदा इषय काढणार न्हाय."

"सासरची माणसं उठून गेली तर?"

"जातील बी. मी त्यांना लपवून जेवू घालणार न्हाय. आधी सांगणार."

पंधरा-सोळा वर्षांची पोर मी. मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणजे काय, ते मी आमच्या आळीतच बघितलं होतं. पण शेंगा फोडताना सोललेली नखं आठवली, आणि खरं सांगायचं तर भावाचा तो उतरलेला चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "काढा." अव्वाला कळलं तेव्हा तिनं कपाळ बडवून घेतलं. दोन दिवस ती अप्पांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच देवळामागं गेली आणि ओगराळी पुसत बसली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या ऊन चढल्यावर आल्या. डेगीत हुग्गी रटरटत होती, गुळातली गव्हाची खीर. गाव आलं होतं, पण मांडवाच्या कडेकडेनं उभं होतं. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेले. झरोक्यातून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. अप्पांनी व्याह्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा, अक्षतांच्या आधी एक सांगायचंय. ह्या भांड्यांत आमच्या केरबाच्या लेकीच्या लग्नाचं शिजलं होतं. तुमाला चालत नसंल तर आत्ता सांगा. तुमचा राग आमच्या डोक्यावर, पर पोरीवर ठिवू नका."

अव्वानं माझा हात धरला होता. माझे सासरे जाडजूड, आवाजानं दणदणीत माणूस. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"भांडी घासल्यात न्हवं?"

"घासल्यात."

"मग अक्षता उरका, आन् वाढा. पहाटंपास्नं पोटात काय न्हाय."

वऱ्हाडातल्या दोघा-तिघांनी कुरकुर केली, त्यांच्या भावकीतल्या एकानं तर बैल जुंपायला काढले. सासऱ्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. अक्षता पडल्या. ते स्वतः पहिल्या पंगतीत मांडी घालून बसले आणि हुग्गी तीनदा मागून घेतली. मग आमच्या गावचे एक-दोघे बसले, मग आणखी काही. सखाराम सुतार जेवला नाही. मान खाली घालून घरी गेला. पुढं कितीतरी वर्षांनी मी सासऱ्यांना विचारलं, तुम्ही कसं काय एवढ्या सहज हो म्हणालात? ते म्हणाले, "सहज कुठलं गं? पर ज्याला खोटं बोलून निभावता आलं असतं, तो माणूस खरं बोलला. असल्या घरची पोर सोडून जायाची व्हय?"

एक गोष्ट अप्पांना शेवटपर्यंत खुपत राहिली. केरबाची माणसं त्या दिवशी आली होती, पण बाजूला, लिंबाखाली बसली. अप्पांनी त्यांना स्वतः वाढलं, तरी पंगत एक केली नाही. "तेवढी छाती तवा झाली न्हाय," असं ते म्हणायचे. पंगत पुढं एक झाली, पण हळूहळू, आणि तिला आमची मुलं मोठी व्हावी लागली.

पुढच्या वर्षी सखारामच्या धाकटीचं लग्न निघालं. तो आमच्या दुकानाशी आला आणि नुसता उभा राहिला. अप्पांनी त्याला एका शब्दानंही काही विचारलं नाही. "गाडी आणलीस का?" म्हणाले, आणि उठले. मंडळाची पोरं परत येऊ लागली. मोगलाईच्या शेवटच्या धामधुमीत, लुटालुटीच्या भीतीनं गावंच्या गावं हद्दीपलीकडे बार्शीकडं गेली, तेव्हा लोकांनी गाड्यांत कपडे-दाणे भरले. अप्पांनी डेग आणि पातेली भरली. पलीकडं माळावर पालं पडली होती. त्या डेगीत रोज भात शिजायचा आणि कुणाचं पान कुठं आहे हे विचारायला तिथं कुणाला उसंत नव्हती. परत आल्यावर आजूबाजूच्या वाड्या भांडी मागायला लागल्या. मंडळ मोठं झालं, विहिरीचा गाळ काढू लागलं, शाळेला कौलं घालून दिली. सगळं त्या भांड्यांमागून आलं.

अप्पांना माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी माहेरीच होते. पलीकडच्या वाडीचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. ओसरीवर बसलेली माणसं बघितली, काय झालंय ते त्याला कळलं, आणि तो तसाच गाडी वळवू लागला. वहिनी आतून बाहेर आली. अप्पांची बायको, आता पाठीत वाकलेली.

"कशाला आला होता, दादा?"

"काय न्हाय, बाई. येतो नंतर."

"लगीन हाय न्हवं घरी? लगीन काय नंतर व्हणार हाय?" असं म्हणून ती किल्ली घेऊन देवळाकडे चालू लागली. मीही मागून गेले. खोली उघडली, भांडी बाहेर निघू लागली. डेगीला दोन कड्या आहेत. मागायला कुणीही येवो, गाडीपर्यंत डेगीची एक कडी अप्पांनीच धरायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळाची पोरं हातातून घ्यायला गेली तर ते रागावत. पोरं आताही पुढं झाली. वहिनीनं त्यांना हातानंच थांबवलं. ती वाकली, एक कडी तिनं धरली आणि माझ्याकडं बघितलं.

"हं, वन्सं," ती म्हणाली. "उचला."

मी दुसरी कडी धरली.