तुमचाच तर सण आहे

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या एका खासगी शाळेत शालिनीताई उजगरे एकवीस वर्षं केजीच्या वर्गाला शिकवत होत्या. एवढ्या काळात स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी कधी कशाला नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नोकरी दरवर्षी मार्चमध्ये नव्याने मिळायची, नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला आणि मुलगी शिखा कॉलेजात. नाही म्हणायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी प्रिन्सिपॉल गरिमा मॅडमनी जाहीर केलं, की यंदा एकतीस तारखेला केजीत हॅलोवीन होणार. काळे पडदे, भोपळे, भुतांचे मुखवटे, आणि दारातच पुरुषभर उंचीची पुठ्ठ्याची चेटकीण.

"शालिनी मॅम, चार्ज आपका," मॅडम हसून म्हणाल्या. "आप ही लोगों का तो त्योहार है."

आमच्यात असलं काही करत नाहीत, हे वाक्य शालिनीताईंच्या जिभेवर आलं आणि तिथेच विरलं. सगळ्या बायका त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. त्यांनी मान डोलावली.

नई सडकेवरच्या बाजारात काळा कागद, पुठ्ठा आणि नारिंगी घोटीव कागद घेताना त्यांना उगीचच इकडेतिकडे बघावंसं वाटत होतं. चर्चमधलं कुणी भेटलं तर काय सांगायचं? रविवारी उपासनेनंतर त्यांनी धीर करून पाळकसाहेबांना बाजूला घेतलं.

"अंधाराच्या कामांत आपला भाग नसावा, बाई," ते शांतपणे म्हणाले. "सरळ नाही म्हणून सांगा."

"आणि त्यांनी कारण विचारलं तर?"

"खरं ते सांगा."

खरं सांगणं पाळकसाहेबांना सोपं होतं. शालिनीताईंना रस्ताभर दुसरंच दिसत होतं. धर्माचं कारण दिलं, तर उद्या कुणी म्हणेल, बाई शाळेत धर्म आणते. आणि गुपचूप केलं, तर एखादा पालक म्हणेल, ख्रिश्चन बाई आमच्या पोरांना भुताखेतांचं शिकवते. दिवस असे, की एका शब्दाचे चार अर्थ व्हायला वेळ लागत नव्हता. केलं तरी अंगावर, नाही केलं तरी अंगावर.

शिखाला यात काही विशेष वाटत नव्हतं. "आई, फन असतं गं ते. बच्चे चॉकलेट खाएंगे, घर जाएंगे. तू इतकं का सोचतेस?"

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरून शालिनीताईंनी पेन्सिलीनं आकृती काढली. टोकदार टोपी, बाकदार नाक, मोकळे केस. मग कात्री घेतली. केसांपाशी येऊन कात्री थांबली ती पुढे जाईना.

त्यांची आजी नगरकडच्या एका खेड्यातली. गावात साथ आली, पाटलाचं तान्हं मूल दगावलं, आणि ते आजीच्या नजरेनं दगावलं असं ठरलं. भर चावडीसमोर तिचे केस कापले, तोंडाला काळं फासलं, आणि चेटकीण म्हणून पोरांनी दगड मारत तिला शिवेबाहेर घालवलं. कडेवर मुलगा घेऊन ती चालत मिशनच्या दवाखान्यात पोचली. तिथल्या नर्सनं आधी तिचं डोकं धुतलं, मग नाव विचारलं. पुढे तो मुलगा कंपाउंडर होऊन ग्वाल्हेरला आला. ते शालिनीताईंचे वडील. घरी ही गोष्ट फारशी बोलली जात नसे. शिखाला तर ती ठाऊकच नव्हती.

त्या दुपारी शालिनीताईंनी ती शिखाला सांगितली. ऐकून झाल्यावर शिखानं टेबलावरचा पुठ्ठा उचलून कपाटामागे ठेवला.

बुधवारी मधल्या सुट्टीत शालिनीताई प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, मी चेटकीण नाही बनवणार," त्या हिंदीत म्हणाल्या. "आणि हा आमचा सण नाही. आमच्या चर्चमध्ये कुणी पाळत नाही."

गरिमा मॅडमनी चष्मा काढला. "सर्क्युलर गेलंय. दोन दिवस उरलेत. हे तुम्हाला आज सुचतंय?"

"त्या दिवशी बोलायला हवं होतं. घाबरले."

"मग धर्माचं कारण आहे असं लिहून द्या."

याच वाक्याची त्यांना धास्ती होती. तरी त्यांनी आजीची गोष्ट सांगितली. मोडकी-तोडकी, मधेच थांबत. संपल्यावर म्हणाल्या, "लिहून द्यायचं तर हे पण लिहीन. चार वर्षांच्या पोरांना चेटकीण दाखवून हसायला मी शिकवणार नाही. जी मुलं घाबरतील, त्यांना मी माझ्या वर्गात सांभाळते. तेवढं द्या."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "चुडैल कॅन्सल," शेवटी त्या म्हणाल्या. "बाकीचं दुसरी टीचर बघेल. जा आता." आवाजात राग होता की नाही, हे शालिनीताईंना कळलं नाही. त्या बाहेर आल्या आणि तशाच जिन्यावर बसल्या.

एकतीस तारखेला सकाळी फाटकापाशी मधुवंती नावाची त्यांच्या वर्गातली मुलगी आजोबांचा पाय धरून रडत होती. आत मुखवटे घातलेली मुलं पळत होती. आजोबा जयसिंहराव, मिशा पांढऱ्या, आवाज जरबेचा. ते विचारत होते, हे कुणाचं डोकं? कुणीतरी शालिनीताईंच्या वर्गाकडे बोट दाखवलं.

ते नातीला घेऊन सरळ वर्गाच्या दारात आले. "उजगरेबाई तुम्हीच? हे तुमच्या सणाचं खूळ आमच्या नातीच्या डोक्यात कशाला?"

ज्याला भ्याल्या होत्या तेच समोर उभं होतं. शालिनीताईंनी दाराची चौकट धरली. "आमचा नाही हा सण, रावसाहेब. मीही या सगळ्यातून बाहेरच बसलेय, बघा."

जयसिंहरावांनी वर्गात पाहिलं. पाच-सहा मुलं सतरंजीवर ठोकळे रचत होती. "मग तुमचा कोणता?"

"परवा आम्ही कबरस्तानात जाऊ. कबरी धुऊ, फुलं ठेवू, प्रार्थना करू."

"म्हणजे सर्वपित्रीसारखं."

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. "थोडंसं," त्या म्हणाल्या. "पण आम्ही त्यांना काही वाढत नाही, त्यांच्याकडे काही मागत नाही. ते देवाजवळ आहेत, एवढं आठवतो. म्हणून भीती वाटत नाही."

जयसिंहरावांनी वाकून पायाला धरलेला नातीचा हात सोडवला. "बाईंजवळ बस. बारा वाजता येतो न्यायला." जाताना फाटकापाशी त्यांचा आवाज पुन्हा चढला नाही.

रविवारी शिखाही कबरस्तानात आली. गेली दोन वर्षं तिला वेळ मिळाला नव्हता. तिनं बादली भरून आणली, वडिलांच्या कबरीवरची शेवाळ-माती घासून काढली आणि अक्षरं दिसेपर्यंत हात थांबवला नाही.

मार्चमध्ये सगळ्यांची नव्या नेमणुकीची पत्रं आली. शालिनीताईंचं आठ दिवस उशिरा आलं. ते आठ दिवस शिपाई वर्गासमोरून गेला, की त्या लिहिता लिहिता दाराकडे बघायच्या. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पत्रात वर्ग तोच होता, केजी.