बी.एस्सी., व्हाया पळस्पे

विज्ञानाचा पदवीधर होण्याचे जेवढे म्हणून रस्ते आहेत तेवढे सगळे आमच्या मामांना तोंडपाठ होते, आणि त्यातले निम्मे विद्यापीठालाही ठाऊक नसावेत. मामा म्हणजे माझे मामेसासरे, यांचे सख्खे मामा. स्वतः जुनी मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेला. सगळी नोकरी एस.टी.त गेली, शेवटची बरीच वर्षं पनवेल स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून, जाळीच्या खिडकीमागे माइक धरून. निवृत्त झाले तेव्हा मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. आमच्याच गल्लीत त्यांनी एक खोली घेतली आणि चहा-जेवण आमच्याकडे ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. एका माणसाच्या पोळ्या जास्त लाटल्याने कुणी मरत नाही. तक्रार होती ती सकाळच्या वेळेची. एकीकडे डबे भरायचे, दुसरीकडे पाणी जायच्या आत पिंप भरायचं, मग मला ऑफिस गाठायचं, आणि नेमके तेव्हाच मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीला कॉमर्समधून सायन्समध्ये कसं आणता येईल ते मला समजावून सांगत. आवाज स्टँडवरचाच. मी कढईत बघत "हो, हो" म्हणायची. हो म्हटलं नाही तर ते पहिल्यापासून सांगत.

शिक्षणाचं सगळं खातं त्यांनी एस.टी.त नेऊन बसवलं होतं. दहावीला भरपूर मार्क, मग सायन्स, मग बारावी, मग बी.एस्सी., ही थेट गाडी. तिच्यात बसणाऱ्यांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "झोपून जातात ते. वाटेत काय काय लागलं, विचारा एकाला!" त्यांचा जीव गुंतलेला असे तो गाडी चुकलेल्यांत. ज्याला सायन्स मिळालं नाही त्याने रडत बसायचं नाही, मिळेल त्या गाडीने पळस्प्यापर्यंत जायचं. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो ते आमचं पळस्पे. मामांच्या हिशेबी प्रत्येक अभ्यासक्रमाला असं एक पळस्पे असतंच, फक्त माणसाने तिथे जागं राहिलं पाहिजे. शिक्षण सोडलं की मुलगा "मधेच उतरला", नापास झाला की "गाडी बंद पडली", आणि विषय राहूनही वरच्या वर्गात गेला तर "उभ्याने चाललाय, चालू दे."

गल्लीतले, बाजारातले, खेड्यातले, कुणीही त्यांच्याकडे येत. एकदा गव्हाणचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. "मामा, याला सायन्स नाय भेटला. आमी काय शिकलेलं नाय, तुमी सांगाल तसा करू." मामांनी चष्मा पुसला आणि मार्ग सांगितला: आधी आय.टी.आय., त्याच्या जोरावर डिप्लोमा, डिप्लोमाच्या जोरावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ते गृहस्थ ऐकूनच दमले. "आनि सरल रस्ता काय नाय?"

"सरळ रस्ता होता तो तुझ्या मुलाने मार्चमध्ये सोडला."

"पन मामा, तवर पोऱ्या म्हातारा व्हनार!"

"म्हातारा तर तो तसाही होणार आहे. डिग्री घेऊन होऊ दे."

मुलगा हसला, बापही हसला, आणि मला पुन्हा चहा टाकावा लागला.

हे सगळं दुसऱ्यांच्या मुलांचं चाललं होतं तोवर मी फक्त दमत होते. मग आमच्याच मुलीची दहावी झाली. गणिताने मार्क खाली ओढले, सायन्सच्या यादीत नाव लागलं नाही, आणि व्होकेशनलला जागा मिळाली, तिथे रक्त-लघवी तपासण्याचं काम शिकवत. पुढे कुठल्यातरी दवाखान्यात चिकटेल, असा यांचा विचार. पण तिथे तिने पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि घरी येऊन सांगितलं, "मला बी.एस्सी. करायचंय." हे म्हणाले, "व्होकेशनलवाल्यांना तिथे घेत नाहीत." माजघरातून आवाज आला, "घेतात! पळस्प्याला बदलायचं!"

मामांची योजना अशी होती: व्होकेशनलची बारावी पास व्हायचं, मग फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हे बारावीचेच विषय सुटे द्यायचे, आणि त्या जोरावर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जायचं. असा रस्ता नियमांत होता. त्या रस्त्याने कधी कुणी गेलेलं मात्र कॉलेजात कुणाला आठवत नव्हतं. यांनी कसंबसं कबूल केलं, पण बजावून सांगितलं, "बारावीनंतर एक वर्ष. त्यात जमलं तर जमलं. नाहीतर नोकरी आणि स्थळं बघायची." मुलीने मान हलवली. तिच्या हातात एवढंच होतं.

सुट्या विषयांना अडचण प्रयोगांची. कुठल्यातरी प्रयोगशाळेत ते करून दाखवावे लागतात, आणि बाहेरच्या मुलीला कोण उभं करणार? मामा इस्त्रीचा शर्ट घालून केमिस्ट्रीच्या सरांकडे गेले. "आमच्या नातीला एक सीट द्या. उभ्याने चालेल."

सर म्हणाले, "काका, प्रयोगशाळेत सगळे उभेच असतात."

"मग अडचण काय आहे?"

सरांनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. मुलगी त्या वर्षी इतरांच्या मागे उभी राहून प्रयोग करत होती, आणि संध्याकाळी तिच्या ओढणीला कसलेतरी वास येत. मार्चमध्ये फिजिक्स सुटलं, बायॉलॉजी सुटलं, केमिस्ट्री राहिलं. हे नुसते पेपर वाचत बसले. मामा मात्र ढळले नाहीत. "लेट आहे, रद्द नाही," म्हणाले. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. पण प्रवेश तर जूनमध्येच, त्याचं काय? तर मामा छत्री घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले आणि विजयी मुद्रेने परत आले. "सीट धरून ठेवलीय."

"कोण म्हणालं?"

"हेडक्लार्क. ते म्हणाले, 'बघू.'"

आता हे नीट समजायला मामांची खिडकी माहीत हवी. पुण्याची गाडी घाटात अडकली आणि तिच्यातल्या माणसांना पुढे अलिबागला जायचं असलं, की स्टँडवरून कुणीतरी धावत त्या खिडकीशी येई. मामा मान वर न करता म्हणत, "बघू." आणि मग अलिबागची गाडी जागची हलत नसे. ड्रायव्हर चिडो, प्रवासी ओरडोत, मागची माणसं चढेपर्यंत गाडी उभी. सगळी नोकरी त्यांनी हाच शब्द दिला आणि पाळला. मी ऑफिसात काम करणारी बाई. ऑफिसातल्या "बघू"चा अर्थ काय ते मला माहीत होतं आणि तो मी त्यांना तिथल्या तिथे सांगितला. ते हसले. "सूनबाई, माणसाने शब्द दिलाय."

ऑक्टोबरला केमिस्ट्री सुटलं. निकाल लागला तशी मुलगी आणि मामा कॉलेजात गेले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागोमाग पोचले. हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता. तो खुर्चीवरून उठला. "आजोबा, प्रवेश कधीच बंद झाले हो. निम्मं शिकवून झालं."

"पण तुम्ही बघू म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तुम्ही वयस्कर माणूस, एवढ्या उन्हातून आला होतात. नाही म्हणायचं जिवावर आलं."

"मागची गाडी लेट असली की पुढची थांबवतात हो," मामा म्हणाले. अगदी हळू म्हणाले. त्यांचा एवढा लहान आवाज मी ऐकला नव्हता.

"इथे नाही थांबवत, आजोबा."

त्या दिवशी जेवताना हे एवढंच म्हणाले, "झालं ना वर्ष?" आणि पेणच्या एका स्थळाचा विषय काढला. मुलगी ताटात बघत होती. मामा अर्धं जेवण टाकून उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सकाळचं येणं बंद झालं. डबा त्यांच्या खोलीवर जाऊ लागला. किती वर्षांनी मला शांतपणे स्वयंपाक करायला मिळत होता, आणि तरी एकही काम वेळेत होत नव्हतं.

शेवटी मीच यांना म्हटलं, "मुलीचे विषय सुटलेत. जूनमध्ये फक्त दारातून आत जायचंय. पेण कुठे जात नाही, जूननंतरही तिथेच असेल."

"तू पण मामांसारखीच बोलायला लागलीस."

"मी त्यांच्यासारखी बोलत नाही. जूनमध्ये रांगेत मी स्वतः उभी राहणार आहे."

उभी राहिले, आणि प्रवेश मिळाला. मामांना बरोबर चला म्हटलं तर, "मी नको. तुम्ही जा." मुलीने परत आल्यावर सांगितलं तेव्हा "छान" म्हणाले आणि घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून घडी घालू लागले. जेवायला हळूहळू येऊ लागले, पण कुणाच्या शिक्षणाबद्दल बोलेनात. गव्हाणचे ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी धाकट्या मुलीसाठी. मामा म्हणाले, "कॉलेजात जाऊन विचारा, बाबा. मी काय सांगणार?" गृहस्थ गोंधळून उभेच राहिले. मी आत कणीक मळत होते. सांगा की हो काहीतरी, असं ओरडावंसं वाटलं.

मुलगी सेकंड क्लासमध्ये बी.एस्सी. झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओट्यापाशी चहा पीत बसले होते. ती चपला घालूनच आत आली. "मामाआजोबा, एम.एस्सी.ला जागा अगदी थोड्या आहेत. माझ्या मार्कांवर सरळ मिळेल असं वाटत नाही. काय करू?"

मामांनी कप खाली ठेवला. "मला त्यातलं काही ठाऊक नाही गं."

"मलाही नाही. चला, जाऊन विचारून येऊ."

ते माझ्याकडे बघू लागले, परवानगी मागितल्यासारखे. मी म्हटलं, "जा की. उन्हाच्या आत परत या."

दोघं निघाली. ती नेहमीसारखी भरभर पुढे, मामा मागे. गल्लीच्या टोकाशी तिने चाल कमी केली, ते तिच्या बरोबरीला आले आणि काहीतरी सांगू लागले. एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते, पण हात दिसत होते: एक एकीकडे, दुसरा दुसरीकडे. मला ऑफिसला उशीर झाला होता. तरी ती दोघं वळेपर्यंत मी दारातच उभी राहिले.